शागदरकडचे सणाचे पाहुणे

आमच्या गावच्या दवाखान्यात आता रक्तासाठी वेगळी इमारत आहे. काचेच्या दाराचा मोठा फ्रीज, गुळगुळीत फरशी, आणि रक्त देणाऱ्याला बिस्किटाचा पुडा. परवा माझ्या नातीने रक्त दिलं आणि घरी येऊन मला तो पुडा दाखवला. मी म्हटलं, "एवढ्यावर बोळवण केली?" ती म्हणाली, "मग काय मेंढी कापायला हवी होती, आजी?" हवीच होती. आमच्या वेळी कापत होते, आणि शिजवत मी होते.

मी नोरजिन. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात माझा जन्म गेला. रक्ताची खोली माझ्या भिंतीला लागून होती. माझ्या चुलीचं धुराडं त्या भिंतीतून जायचं, म्हणून सगळ्या दवाखान्यात तीच काय ती उबदार खोली. तिथली नर्स देजिद. उंच, वाळकी, मोजून बोलणारी. मी अंगाने आणि तोंडाने दोन्हीकडून ऐसपैस. आमचं कसं जमलं हे कोणालाच कळलं नाही, पण जमलं ते आजपर्यंत.

तेव्हा रक्त साठवून ठेवायची सोय नव्हती. बाळंतीण अडली की गावच्या रेडिओवरून सांगायचे, पहिल्या गटाचं रक्त हवंय, या. लोक यायचे. गाल लाल असले की रक्त चांगलं, ही आमची तपासणी. आता आमच्याकडच्या वाऱ्यात गाल कोणाचे लाल नसतात? पण आमचा विश्वास होता. ज्याने रक्त दिलं तो भिंतीला वळसा घालून माझ्याकडे यायचा आणि मेंढीच्या नळीचा रस्सा प्यायचा. काहीजण रस्स्यासाठीच यायचे असं देजिदचं म्हणणं होतं. मला त्यात अपमान वाटत नसे.

शागदर मात्र दोन्हीसाठी यायचा. कोळशाचा ट्रक चालवायचा तो. धिप्पाड गडी, आणि रक्त पहिल्या गटाचं, म्हणजे कोणालाही चालणारं. थंडीत इंजिन बंद केलं तर परत सुरू होत नाही, म्हणून ट्रक दाराशी घुरघुरत ठेवून आत यायचा, बाही वर करायचा, आणि मग माझ्या दारात उभा राहायचा.

"नोरजिन, चरबी वर तरंगताना दिसली पाहिजे. मी काही पाणी देऊन आलो नाही."

"तुझ्या अंगात कोळशाची भुकटीच असणार. बिचाऱ्या पेशंटला काळं पोर व्हायचं."

"होऊ दे. ओळखता तरी येईल."

असं आमचं चालायचं. ते दिवस आठवले की मला अजून त्या ट्रकचा आवाज ऐकू येतो आणि वाटतं, हातातलं टाकून नळी फोडायला घ्यावी.

पांढऱ्या महिन्यात, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, धाकट्याने थोरल्याच्या घरी जायचं, त्याने पुढे केलेल्या हातांना खालून आपल्या हातांचा आधार द्यायचा आणि हिवाळा बरा गेला का विचारायचं, ही रीत सगळ्या देशाची. आमच्या गावाने तिला स्वतःची एक पुस्ती जोडली होती. ज्याचं रक्त आपल्या अंगात गेलं तो आपला थोरला, मग तो वयाने कितीही लहान असो. पहिला दिवस घरच्यांचा, दुसरा दिवस अशा थोरल्यांचा. दुसऱ्या दिवशी शागदरच्या गेरबाहेर, म्हणजे त्याच्या गोल तंबूच्या घराबाहेर, एवढी रांग लागायची की राज्यपालाने हेवा करावा. त्याचे केस काळे होते तेव्हाही पांढऱ्या दाढीचा दांबा त्याच्यापुढे वाकायचा, कारण ट्रक उलटून दांबाचा पाय चिरडला तेव्हा शागदरच्या रक्ताने तो वाचला होता. शागदर आणि त्याची बायको दुलाम यांना मूल नव्हतं. त्या एका दिवशी त्यांचं घर माणसांनी फुलायचं. दुलाम आठवडाभर कणकेत मांस भरून बूझ वळायची, मी वाफवायला जायचे, आणि शागदर निळा रेशमी देल, म्हणजे आमचा लांब अंगरखा, घालून मधोमध बसायचा. वर्षभर कोळसा उपसणारा माणूस त्या दिवशी नुसता हात पुढे करून हसत असायचा. त्याला जगात दुसरं काही नको होतं.

मग देशातले रशियन परत गेले, त्यांची मदत थांबली, दुकानं ओस पडली, वीज मनाला येईल तेव्हा येऊ लागली. त्याच दिवसांत परदेशी मदतीने राजधानीत रक्त तपासायचं शिक्षण सुरू झालं आणि देजिदला बोलावणं आलं. ती परत आली ती तपासणीच्या पट्ट्यांचं खोकं आणि एकदाच वापरायच्या सुयांची पिशवी घेऊन. आल्या आल्या तिने सुया उकळायचं पातेलं उचललं आणि कोळशाच्या ढिगावर फेकून दिलं. त्यानंतर ती लोकांना परत पाठवू लागली. बैलासारखे गडी बाही वर करून यायचे, ही त्यांच्या बोटातून थेंबभर घ्यायची, पट्टी बघायची आणि म्हणायची, "तुमचं नको." गावात कुजबुज सुरू झाली. बाजारात मला बायका म्हणायच्या, "तुझ्या मैत्रिणीला राजधानीचं वारं लागलंय."

शागदर तिच्या बाजूने उभा राहिला. माझ्या स्वयंपाकघरातच सगळ्यांसमोर म्हणाला, "देजिद, आधी माझं तपास. मग बघू कोण तोंड वर करून बोलतो."

तिने तपासलं. मग निकाल न सांगता राजधानीला नमुना पाठवला. उत्तर यायला हिवाळा उजाडला. तोवर ती नीट जेवत नव्हती.

उत्तर आलं त्या दुपारी शागदर कोळसा टाकायला आला होता. मी त्याला वाडगा भरून दिला. देजिद येऊन समोर बसली.

"दादा, जरा बोलायचंय."

"बोल ना. तोंड कामात आहे, कान रिकामे आहेत."

"तुमच्या रक्तात काविळीचा विषाणू निघालाय. यकृतात दबा धरून बसतो तो. तुमचं रक्त आता घेता यायचं नाही."

तो हसला. "मला? मला साधी सर्दी होत नाही."

"कळत नाही दादा. वर्षानुवर्षं कळत नाही."

"आत्ता घ्यायचं नाही, की कधीच?"

"कधीच."

त्याने वाडगा खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "आणि आधी ज्यांना दिलं ते?"

"त्यासाठीच बसलेय. तो त्यांच्यातही गेला असेल. त्यांना तपासायला हवं, म्हणजे जपून राहतील, दारू सोडतील, निदान दुसऱ्याला रक्त देणार नाहीत. पण कोणाला दिलं हे मला ठाऊक नाही. तेव्हा कोण लिहून ठेवत होतं? बाटली भरायची आणि ऊन ऊन आत न्यायची. फक्त तुमच्याकडे ती माणसं दरवर्षी येतात."

ती काय मागते आहे हे मला त्याच्याआधी कळलं. पांढऱ्या महिन्यात आमच्याकडे वाईट शब्द तोंडातून काढत नाहीत. दुखणं, मरण, तोटा, काही नाही. त्या दिवशी जे बोललं जाईल ते वर्षभर घरात राहतं.

"सणाला?" शागदर म्हणाला. "माझ्या घरी, माझ्या ताटावर बसलेल्याला सांगू, की मी तुला विष दिलं?"

"मी सांगितलं तर म्हणतील हिला वारं लागलंय. तुमचं ऐकतील."

तो उठून गेला. वाडग्यात नळी तशीच होती. त्याने रस्सा टाकून जाणं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मला देजिदचा राग आला. खरं सांगते, त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही.

त्यानंतर शागदरने तपकिरीची कुपी कोणापुढे करणं सोडलं. आमच्यात माणूस भेटला की कुपी पुढे करायची. नाही केली तर भांडण आहे असं समजतात. लोक बुचकळ्यात पडले. एकदा पिठाच्या दुकानात तो असाच अंग चोरून उभा होता. देजिदने सरळ हात पुढे केला.

"दादा, तपकीर."

"नको, देजिद."

"कुपीतून तो जात नाही. द्या इकडे."

दुकानभर बायका बघत होत्या. तिने कुपी घेतली, नाकाशी नेली, जन्मात कधी तपकीर न ओढलेली ती बाई दुकान दणाणून सोडेपर्यंत शिंकली आणि दोन्ही हातांनी कुपी परत केली. लोक म्हणाले, ही आता पुरुषांकडे तपकीरही मागायला लागली. शागदरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते फक्त मी पाहिलं.

सण आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दुलामकडे वाफवायला बसले. देजिद येऊन दाराशी बसली. माणसं आली, रीतसर हातांना हात लागले, हिवाळा बरा गेला का, मेंढ्या धष्टपुष्ट आहेत ना, सगळं झालं. पण कुपी बाहेर येईना. शेवटी म्हातारा दांबा म्हणाला, "शागदर, माझ्यावर रुसलास का रे?"

शागदरने देजिदकडे पाहिलं. मला वाटलं, नाही बोलणार हा. मनातून वाटत होतं, नकोच बोलू.

"रुसलो नाही," तो म्हणाला. "माझ्या रक्तात आजार निघालाय. यकृताचा. मी तुम्हाला दिलं तेव्हाही असेल, ठाऊक नाही. उद्यापासून देजिदकडे जा आणि बोट पुढे करा. मी सांगतोय म्हणून जा."

दांबा पुटपुटला, "सणाला असं बोलू नये." शाळेतली मास्तरीण अलिमा बसली होती, पहिल्या बाळंतपणात वाचलेली, जिभेने तिखट. तिने विचारलं, "तुम्हाला कुठून लागला?"

"माहीत नाही, पोरी."

"माझ्याकडून लागला असेल," देजिद दारातून म्हणाली. "तेव्हा सुया उकळून पुन्हा वापरायचो. सगळ्यांत जास्त वेळा दादा आले, तेव्हा सुई त्यांनाच जास्त वेळा लागली. कोणाला बोल लावायचा असेल तर मला लावा."

कोणी बोल लावला नाही. एकेक जण टोपी घालून उठला. ताटं तशीच राहिली. दुलामने उरलेले बूझ पोत्यात भरून बाहेर थंडीत ठेवले, आणि शागदर रेशमी देल न काढता दिवसभर तसाच बसून राहिला.

पण लोक देजिदकडे गेले. चोरून, पाठच्या दाराने, पण गेले. काहींच्यात निघाला, काहींच्यात नाही. ज्यांनी जन्मात कोणाचं रक्त घेतलं नव्हतं अशांच्यातही निघाला. देजिद हे सगळ्यांना समजावून सांगायची, पण गावाला एकच नाव पाठ झालं होतं. शाळेत मुलं भांडताना एकमेकांना म्हणायची, तुझ्यात शागदरचं रक्त आहे. अलिमाच्यात निघाला. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने विचारलं, "काय सोडू?"

"दारू," देजिद म्हणाली.

"मी पीतच नाही. दुसरं काही सांगा, उगाच फुकट आजारी पडल्यासारखं वाटतं."

मी हसले आणि मग मला रडू आलं.

शागदर वर्षभर दवाखान्यात शिरला नाही. फाटकाशी कोळसा ओतायचा आणि ट्रकमधून न उतरता निघून जायचा. मी वाडगा घेऊन बाहेर पळत गेले तर हात हलवून नको म्हणायचा. माझ्या चुलीला त्या वर्षी चव नव्हती.

पुन्हा पांढरा महिना आला. दुलामने विचारलं, "बूझ किती करू?" तो म्हणाला, "दोघांपुरते." तिने मला हे रडत सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी मी आणि देजिद गेलो. आम्हाला बघून तो नुसता हसला. अंगात जुना सुती देल, दोन्ही हात बाह्यांत खोचलेले. चहा झाला. थोडं हवेबद्दल बोललो. बाहेर काही आवाज नव्हता, आणि दर थोड्या वेळाने त्याची नजर दाराकडे जाऊन परत येत होती. बघवत नव्हतं.

मग कुत्रं भुंकलं. दार ढकलून अलिमा आत आली, मुलाला पुढे घालून. तिने मानाचं निळं रेशमी वस्त्र हातांवर पसरलं आणि त्याच्यापुढे वाकली. शागदरने बाह्यांतून हात काढले नाहीत.

"दादा, हात पुढे करा. किती वेळ वाकून उभी राहू?"

"अलिमा, तुला तो आजार माझ्यामुळे..."

"तुमचं रक्त नसतं, तर आजारी पडायला मी उरले नसते. हाही नसता." तिने मुलाच्या डोक्यावर टिचकी मारली. "हात."

त्याने हात काढले. कोळशाने काळे पडलेले. तिने ते खालून धरले, आणि तो एवढा मोठा गडी तिच्या खांद्यावर कपाळ टेकून रडला. बाहेर कुत्रं पुन्हा भुंकलं, आणि मग थांबेचना. देजिदने दार किलकिलं करून बाहेर बघितलं. मग तिने ते सताड उघडलं.

"नोरजिन," ती म्हणाली, "कणीक भिजव."