होडीलाही वाटा असतो

डहाणूच्या मासळीबाजारात मी बोंबलांच्या टबावरच पडले. शुद्धीवर आले तेव्हा कोणी तोंडावर बर्फाचं पाणी मारत होतं आणि पलीकडची बाई म्हणत होती, "भाव ऐकून गिऱ्हाईक पडतं, इथं विकणारीच पडली."

माझी थोरली जाऊ हसली नाही. आम्ही दोघी आगर गावाहून एकाच रिक्षानं येतो, शेजारी बसून विकतो.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"दूध होतं त्यात?"

मी सांडलेले बोंबील गोळा करायला लागले.

नवऱ्याच्या आजारपणासाठी मी फायनान्सवाल्याकडून कर्ज काढलं होतं. नवरा गेला, हप्ते राहिले. मी ठरवलं, कर्ज फिटेपर्यंत जिभेला काही द्यायचं नाही. बाजारात मासळीचे वाटे लावायचे, शेवटचा वाटाही विकायचा आणि घरी येऊन भाताबरोबर मीठ. गुडघ्याचं औषधही बंद केलं. डोक्यावर देणं असताना पोटभर जेवणं मला चोरी वाटायची. असं कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच.

जावेनं बाजारातूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, अंगात रक्त नाही, पुढच्या वेळी पडाल तर उठाल असं नाही.

घरी आल्यावर जावेनं विचारलं, "तुझा नवरा होडीवर जायचा. मासळीचे वाटे कसे पडायचे?"

"खलाशांचे, जाळ्याचा आणि होडीचा."

"होडी मासळी खाते?"

"खाते कशाला? डांबर लावायला लागतं, फळी बदलायला लागते."

"तो वाटा ठेवलाच नाही तर?"

"बुडते."

"मग बाय, तू काय होडीपेक्षा हलकी? हप्ता कोण भरणार, तुझं भूत?"

मला राग आला. पण तिनं वाढलेला मांदेलीचा कालवण-भात मी खाल्ला, आणि परत मागून घेतला.

मग तिला घेऊन फायनान्सच्या ऑफिसात गेले. म्हटलं, "एवढा हप्ता झेपत नाही. कमी करा, महिने वाढवा."

"व्याज वाढेल, आजी."

"वाढू दे. मी मेले तर तुम्हाला मुद्दलही नाही."

जावेनं पदर तोंडाला लावला. साहेबानं हप्ता कमी करून दिला.

आता टब उघडला की आधी माझा वाटा बाजूला काढते. सुरुवातीला लाज वाटायची, ओल्या फडक्याखाली लपवायची. एका गुजराती गिऱ्हाइकानं फडकं उचलून भाव विचारलाच, "आ केटलाना?"

"ते विकायचं नाही. माझं आहे," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं.

औषध पुन्हा चालू आहे. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की हप्ता मागेपुढे होतो. तेव्हा आधीच ऑफिसात जाऊन सांगते. पूर्वीसारखी रात्रभर स्वतःला शिव्या देत बसत नाही. देणं आहे, गुन्हा नाही. थोडं राहिलंय, तेही फिटेल.

नवरा त्या आजारातून वाचला नाही. मी वाचले.