टक्कल पडलेल्या डॉक्टरचा शब्द

मला हे सगळं नीट आठवतंय का, याचीच आधी शंका आहे. आमची सौ. म्हणते, प्रत्येक वेळी सांगताना तुमची माणसं बदलतात. असेलही. परभणीत इतकी वर्षं केसांचा आणि त्वचेचा दवाखाना चालवला. न्हाणीघराच्या जाळीत केस साचतात तसे किस्से साचले. एक ओढायला जावं तर गुंताच वर येतो!

धास्ती मात्र कायम एकच. केसाचं औषध महिनोन् महिने गुण दाखवत नाही. तोवर पेशंट टिकायचा तो फक्त डॉक्टरच्या शब्दावर. आणि डॉक्टरचं टक्कल तर दारातूनच दिसायचं!

*

पिंगळीचा एक तरुण आत आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "डॉक्टर कुठं गेले?"

"मीच डॉक्टर."

तो तडक आमच्या कंपाउंडरकडे, रफीकभाईंकडे वळला. "ह्यांचंच उगवलं न्हाई, माझं काय उगवणार?"

रफीकभाई गंभीरपणे म्हणाले, "अरे मियाँ, तुम लोगां की फिकर कर कर केच इनके गए!"

तरुण खुर्चीत बसला.

*

चुडाव्याचे एक गुरुजी गळलेले केस प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेल्वेने घेऊन आले. पुरावा म्हणून!

मी समजावलं, "गुरुजी, प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा येतो. रोज थोडे जायचेच."

गुरुजी विचारात पडले. "म्हणजे रिटायरमेंटच की. पण साहेब, जागा लगेच भरतात?"

"निरोगी डोक्यात भरतात."

"मग आमच्या शाळेपेक्षा डोकं बरं!"

*

बँकेतले एक साहेब नव्या बायकोला घेऊन आले. साहेबांचे केस मुठीने गळत होते. त्यांनी शाम्पू बदलला, तेल बदललं, नळाचं पाणी सोडून जारचं पाणी सुरू केलं. फरक शून्य!

मोठं आजारपण झालं की केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून मी नेहमीचा प्रश्न विचारला, "तीन महिन्यांपूर्वी काही झालं होतं का?"

साहेबांनी बायकोकडे बघून मान खाली घातली. "लग्न."

बायको उसळली, "आणि हळदीच्या आधी ह्यांना टायफॉईड झाला होता, तो कोण सांगणार?"

*

एका पोराला विशीतच टक्कल पडायला लागलं. बरोबर आई, वडील आणि मामा.

वडील म्हणाले, "आमच्या घराण्यात न्हाई हे. मामाकडून आलंय."

मामा भडकले. "दाजी, आमच्याकडं एकालाबी टक्कल न्हाई!"

मी चाचरत म्हणालो, "दोन्हीकडून येऊ शकतं."

पोराची आई मध्ये पडली. ती म्हणाली, "साहेब, भांडण मिटवायचंय ना? दोघान्लाबी आधी टोप्या काढाय सांगा!"

*

पालमच्या गिरिजाबाईंच्या घरी मेंढ्या. त्या सुनेला आणि तान्ह्या नातवाला घेऊन एसटीने आल्या. बाळाच्या डोक्याची मागची बाजू गुळगुळीत, आणि सुनेची वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरलेली.

"साहेब, मायलेकरं दोघंबी संगंच झडायलेत! जावळ नवसाचं हाय. देवाला काय निस्ती टाळू दाखवू?"

मी सांगितलं, बाळंतपणानंतर आईचे केस असेच जातात आणि परत येतात. बाळाचे पहिले केसही गळतात, नवे येतात. इथवर ठीक होतं. पण बाई इतक्या रडवेल्या झाल्या होत्या की माझ्या तोंडून निघून गेलं, "जावळ वर्षाने करा. केसांनी ताट भरेल. माझा शब्द!"

शब्द दिला आणि माझी झोप उडाली. काही बाळांचे केस उशिरा येतात, हे का नाही सांगितलं?

वर्षाने जावळाचं आमंत्रण आलं. मी भीतभीतच गेलो. सुनेची वेणी पुन्हा जाड झाली होती, तेवढा धीर आला. बाळ टोपी घालून मामाच्या मांडीवर बसलं. भोवती बायकांचा गराडा. केस झेलायला आत्या, म्हणजे गिरिजाबाईंची लेक रुक्मिण, पदर पसरून बसलेली. मला काहीच दिसेना.

थोड्या वेळाने गिरिजाबाईंनी ताट उंच धरलं. काळंभोर, मऊ, शिगोशीग जावळ!

"बगा गं! साहेबानं शब्द दिल्ता!"

मांडवातच चार-पाच जणांनी तपासायला माझ्यापुढे डोकी वाकवली. मी त्या दिवशी मटण दोनदा वाढून घेतलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी रुक्मिण लेकीला घेऊन दवाखान्यात आली. मी कौतुकाने ताटाची आठवण काढली. ती तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"साहेब, लेकराचं चिमूटभरच निघालं. ते देवाला वाहिलं. ताटातलं तुमच्यासाठी व्हतं. आईनं पहाटंच कोकरू कातरलं!"

मला खरं वाटेना. तिथूनच गिरिजाबाईंना फोन लावला.

"व्हय, खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर साहेब, तुमचा शब्द काय खोटा पडला न्हाई. त्या कोकराला पुन्हा लय दाट आलं!"