जातीचा किराया

"भिंती तुमच्या ना? मग उचला आणि न्या. माती आमची आहे."

सरदार ओसरीवर आरामखुर्चीत बसून बोलले. माझा बाप खाली अंगणात, उन्हात, अनवाणी. हात जोडलेले. शेजारी मी.

बाप फौजेत खोगिरं शिवायचा. कंपूमागे, म्हणजे फौजेच्या छावणीमागे, सरदारांच्या जमिनीवर त्यानं स्वतः विटा रचून दोन खोल्या बांधल्या. घर आमचं, जमीन त्यांची. तिचा किराया दरसाल भरायचा. कधी चुकला नाही. मग ग्वाल्हेरचं राज्य मध्यभारतात विलीन झालं. फौज मोडली, बाप घरी बसला. सरदारांची जहागीरही जाणार, अशी बोलवा होती. ती कसर त्यांनी आमच्यावर काढली. किराया एकदम तिप्पट.

बाप म्हणाला, मालक आहेत, मागतील ते द्यायचं. मी तेव्हा इस्पितळात नर्सचं काम शिकत होते. मला पटेना. तिप्पट कशाबद्दल? नळ नाही. मोरी नाही. पावसाळ्यात गुडघाभर चिखल.

मी कोपऱ्यावरच्या भटजींकडे गेले. मालक तेच. जागा आमच्या दुप्पट. किराया आमच्या जुन्या किरायाच्याही निम्मा, आणि वाढवलेला नाही. भटजींच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, "आमचं वेगळं असतं गं."

वेगळं काय? जमीन तीच. चिखल तोच. वेगळी आमची जात. इतकी वर्षं आम्ही जमिनीचा नाही, जातीचा किराया भरत होतो.

हेच मी त्या अंगणात बोलले. सरदारांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बापाला म्हणाले, "चांभाराची पोर आता भाव ठरवणार?"

बाप त्यांच्या पाया पडायला वाकला. मी त्याचा दंड धरून त्याला उभा केला. मी सरदारांना म्हणाले, "भटजी देतात त्याच भावानं देऊ. जास्त नाही. काय करायचं ते करा."

सरदारांनी दावा लावला. बाप कित्येक दिवस माझ्यावर चिडून होता. पण दाव्याच्या पहिल्या तारखेला फेटा बांधून माझ्याबरोबर निघाला.

कचेरीच्या दारात आमच्या वकिलानं बजावलं, जागेचं बोला, मोरीचं बोला, जातीचं काढू नका. न्यायाधीशांना आवडत नाही.

मी त्याला सांगितलं, किराया वाजवी की गैरवाजवी हे ठरवायचं, तर सरदार तो कुणाकडून किती घेतात, ते आधी बोलावं लागेल. मी बोलणार. सरदारांसमोर, जातीचं नाव घेऊन बोलणार. इथे हरले तर वरच्या कोर्टात जाऊन हेच बोलणार.