काका म्हणायची अट

माझ्या टपरीवर रोज दोन गोष्टी उरतात, चहाचा चोथा आन् लोकांचे किस्से. चोथा तुळशीत टाकता येतो. किस्से कुठं टाकायचे, सांगा!

परभणीत तहसीलीच्या फाटकासमोर माझं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडे आन् मी. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे मला अक्का म्हणतेत. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की खेड्याखेड्यांतून माणसं फॉर्म भरायला येतेत आन् आधी माझ्या बाकड्यावर बसतेत. उभं राहायला काय काय लागतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झालंय. वय लागतं, संडास लागतो, दाखले लागतेत. माणूस चांगला लागतो असं मात्र कोणीच म्हणलं न्हाई अजून.

*

झरीकडचा एक उमेदवार. घरी संडास पाहिजे आन् तो वापरात पाहिजे, असा नियम. गड्यानं फॉर्मच्या घाईत संडास बांधला. निळ्या टाईल्स, लोखंडी दार. कपाळाला टिळा लावून दारात फोटो काढला, जसा काय नवा ट्रॅक्टर आणलाय! निवडून आला, सरपंच झाला.

पुढं त्याची बायको एकदा चहाला आली. म्हणलं, "बरं झालं बाई, खुर्चीच्या निमित्तानं तुमची तरी सोय झाली."

"कशाची सोय अक्का? कुलूप हाय त्याला. किल्ली ह्यांच्या करगोट्याला."

"कामून?"

"फुडच्या निवडणुकीला नवा दिसला पाहिजे म्हणतेत!"

अजूनबी ती अंधार पडायची वाट बघती आन् ओढ्याकडं जाती. सरपंचाची बायको!

*

दुसरा त्याच्यापेक्षा शाणा. ह्याचा वॉर्ड निघाला महिलेसाठी राखीव, आन् हा चाळिशीला टेकलेला बिनलग्नाचा. पाव्हण्यारावळ्यांनी धावाधाव केली, पाथरीकडची गरिबाघरची पोरगी बघितली, देवळात लगीन लावलं. अंगाची हळद उतरली नव्हती तर बाईला जीपमधी घालून फॉर्म भरायला आणलं.

साहेबानं साधं विचारलं, "बाई, तुमचं नाव ह्या गावच्या मतदार यादीत आहे का?"

आता कसं असणार? नाव माहेरात! गावची मतदार न्हाई, तर उभं राहता येत न्हाई.

गडी माझ्या बाकड्यावर येऊन कपाळ बडवायला लागला. "अक्का, लगीन वाया गेलं!"

म्हणलं, "मेल्या, हळू बोल, बाजूला उभी हाय ती!" ती बिचारी हातातल्या कपाकडं बघत होती. चहा पिलीच न्हाई.

पुढं एकदा बस स्टँडवर भेटली, पाथरीच्या गाडीपाशी. माहेरीच राहती म्हणाली. म्हणलं, "आगं, न्यायला न्हाई आला का?"

"येतो म्हणलेत की अक्का. यादीत नाव चढलं की."

*

ह्या सगळ्यांत माझा जीव जिच्यात अडकलाय ती सोनाली. बोरीच्या गाडीतून उतरती, माझ्याकडं चहा पिती आन् कॉलेजला जाती. तिचा बाप दिगंबरराव, आमच्या शेजारगावचा पुढारी. पण बाप म्हणायची सोय न्हाई!

झालं असं, दिगंबररावाला दोन पोरं होती, तवाच तिसऱ्या खेपेला ही झाली. ठरल्या तारखेनंतर तिसरं लेकरू झालं की माणूस उभं राहायला बाद, हा नियम. तिसरं लेकरू ठेवावं का खुर्ची? त्यानं खुर्ची ठेवली. बारशाच्या आधीच पोरगी बोरीला साळीच्या, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या, ओटीत टाकली, कागदोपत्री तिचीच केली. साळीचा नवरा पोरगी रांगत असतानाच वारला. सोनाली मावशीला आई म्हणती, आईला मावशी म्हणती आन् बापाला काका. गावजेवणाला आली की काका पंगतीत वाढता वाढता तिच्या पत्रावळीशी येतो आन् न वाढताच पुढं जातो, कोणी बघितलं तर! असल्या माणसाला मी बिनसाखरेचा चहा देते. त्याला वाटतं त्याच्या शुगरची काळजी करते.

एकदा म्हणाली, "अक्का, मला त्यांचं घर नको, दार नको. चारचौघांत एकदा बाबा म्हणायचंय. एकदाच."

मी खारी दिली तिला खायला.

*

एक म्हातारबा फाटकापाशी पोतं टाकून बसायचे. सून उभी राहिली होती. म्हातारबांनी सरकारी गायरानात खोपट घातलेलं, आन् घरातल्या माणसाचं अतिक्रमण असलं की उमेदवार बाद. म्हणून लेकानं चूल वेगळी केली, पंचांदेखत सांगितलं, "ह्यांचा आमचा संबंध न्हाई." सून निवडून आली, गुलाल उधळला.

म्हणलं, "बाबा, झालं की आता. लेकाच्या घरी जावा."

"कसं जाऊ? पाच वर्सं सदस्य राहायचं हाय तिला. कोणी तक्रार केली तर?" वरून मलाच म्हणतेत, "सून लय चांगली हाय. चोरून भाकर पाठवती."

*

औंदा दिगंबरराव सरपंचपदाला उभा राहिला. छाननीचा दिवस. मी चहाचा ट्रे घेऊन साहेबाच्या खोलीत शिरले, तर विरोधी उमेदवारानं हरकत घेतलेली. ह्यांना तिसरं अपत्य हाय, म्हणून. आन् पुरावा म्हणून बोरीहून जीपमधी घालून आणलेली कोण? माझी सोनाली!

खोलीत पाय ठेवायला जागा न्हाई. दिगंबररावाची बायको दाराशी, पदराचा बोळा तोंडात. तिनंच जन्म दिलेला, आन् तिला कोणी काहीच विचारलं न्हाई.

साहेब म्हणाले, "ही मुलगी तुमची?"

दिगंबररावानं तिच्याकडं बघितलंबी न्हाई. "न्हाई साहेब. साळीची पोरगी हाय. आमाला दोन पोरंच."

मला असा राग आला, की गरम चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओतावा!

साहेब सोनालीकडं वळले. "तू सांग बाळ. तुझे वडील कोण?"

विरोधी पार्टीवाला मागून म्हणला, "सांग पोरी! भिऊ नको! आज बोललीस तर हा घरी बसला!"

तवा कुठं दिगंबररावानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. एवढ्या वर्सांत पहिल्यांदा, सगळ्यांदेखत, नीट. डोळे पाण्यानं भरलेले. हात जोडलेले.

मी मनात म्हणलं, म्हण आता. म्हण बाई. एकदाच म्हणायचं होतं ना!

सोनालीनं त्या जोडलेल्या हातांकडं बघितलं.

"काका खरं सांगायलेत, साहेब," ती म्हणाली. "मला बाप न्हाई."

साहेबानं सही केली.

"अर्ज वैध. चला, पुढचा कोण?"