सगुणाच्या नावाचे प्याले

सगुणा गेली तेव्हा मी पळसदरीला लेकीकडे होते. निरोप मिळून कर्जतला पोहोचेपर्यंत तिला माती देऊन झाली होती. त्याचं दुःख आहेच, पण लिहायला बसले ती दुःखापोटी नाही. स्मरणाच्या सभेत आमच्या ख्रिस्ती देवळाचे कारभारी उभे राहिले आणि म्हणाले, "सगुणाबाई फार आज्ञाधारक. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." मी समोरच बसले होते... ज्या माणसाला ती भर उपासनेत बोलली, तोच हे सांगत होता, आणि लोक माना डोलावत होते. आज्ञाधारक ती होतीच. पण आज्ञा कुणाची, ते कारभाऱ्यांनी सांगितलं नाही.

ती मूळची खालापूरकडची. नवरा मेल्यावर सासरच्यांनी तिला गोठ्यात ठेवली आणि घरादाराच्या पानांत उरेल ते तिच्यापुढे सारलं. कितीतरी वर्षं तिनं ते खाल्लं. पुढे मिशनच्या बाईंनी तिला आणलं, शेजारी बसवून स्वच्छ ताटात ताजं वाढलं. त्या दिवशी ती जेवलीच नाही, ताटाकडे बघत रडत राहिली. देव तारण करतो म्हणजे काय हे पाळकांनी नंतर पुष्कळ समजावलं, पण सगुणाला ते त्या ताटापाशीच कळलं होतं. मला म्हणायची, "फुकट मिळालंय गं मार्था. फिटायचं नाय. निदान त्यानं सांगितलंय तसं तरी वागावं."

प्रभुभोजनात सगळ्यांनी घोट घोट घ्यायचा रस मनुका उकळून, गाळून करायचं काम तिचं. लढाईच्या दिवसांत मनुका मिळेनात, तरी कुठून कुठून पैदा करायची. आमच्याकडे प्याला एकच. तो पुढच्या रांगेपासून मागे फिरे. डोंगराकडच्या वाडीतली बारकी कातकरीण, मोळ्या विकून पोट भरणारी, आमच्यासारखाच बाप्तिस्मा घेतलेली, दाराशी बसे. त्यामुळे प्याला तिच्याकडे आपोआप शेवटी जाई. तसं कुणी ठरवलं नव्हतं. असलं काही ठरवावं लागत नाही.

एका रविवारी सगुणानं तिला हाताला धरून पुढच्या चटईवर आणलं. बारकी म्हणत होती, "नको बाय, मी हितंच बरी हाय." सगुणानं ऐकलं नाही. पहिला घोट बारकीनं घेतला, दुसरा सगुणानं, आणि मग काय चमत्कार झाला कोण जाणे, मागच्या चार बायांना एकदम तोंड आलं. पदर तोंडाला लावून बसल्या. त्यात कारभाऱ्यांची बायकोही होती. लगेच कारभाऱ्यांना रोगराईची आठवण झाली. म्हणाले, आता प्रत्येकाला काचेचा वेगळा लहान प्याला आणावा, आरोग्याला ते बरं. सगुणा तिथल्या तिथे उभी राहिली.

"इतकी वर्सं बारकी तुमचं सगळ्यांचं उष्टं पीत व्हती, तवा रोग नव्हता? देवानं मला उष्ट्यातनं उचललं, ते दुसरीला त्यात बसवायला नाय. वेगळे प्याले आणाल तर रस दुसरीकडनं करून घ्या."

प्याले आले नाहीत. बायांची तोंडंही महिनाभरात बरी झाली, औषधावाचून. ती होती तोवर बारकी पुढच्याच चटईवर बसली.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. टेबलावर नवं कोरं पितळी तबक, त्यात काचेचे चिमुकले प्याले, आणि तबकाच्या कडेला कोरलेलं... सगुणाबाईंच्या स्मरणार्थ. जन्मभर जे तिनं होऊ दिलं नाही, ते मेल्यावर तिच्याच नावावर घातलं. कारभारी मला म्हणाले, बाईंची आठवण राहील. मी म्हटलं, लाज राहिली असती तरी पुरे होतं.

बारकी पुन्हा दाराशी बसली होती. मी गुडघे धरत उठले आणि तिच्या शेजारी जाऊन टेकले. तबक फिरत शेवटी आमच्याकडे आलं. तिनं एक प्याला उचलला.

"अर्धाच पी गं," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. अर्धा पिऊन प्याला माझ्या हातात दिला, आणि उरलेला मी प्यायले. कारभारी तबक धरून तसेच उभे राहिले. माझ्या वाटचा प्याला भरलेलाच परत गेला. आता दर वेळी जाईल.