माझी खोली अन् ते किडे

आमचे मालक, पोराचा बाप, वारल्यावर मी लोकांच्या बागेत केळीचे घड वाहिले, अन् त्यातून फोपनार गावात ही एक खोली बांधली. यंदा पावसाळ्यात तिथं राखाडी किडे निघाले. हात लावला की गोळी होऊन पडायचे.

पोरगा म्हणे, "माय, वाळवी लागली. तू ओसरीत झोप, इथं मी खताच्या गोण्या ठेवतो."

मी चौकट ठोकून पाहिली. वाळवी असती तर पोकळ वाजली असती, पण लाकूड टणक होतं. हे किडे ओलाव्याचे. आमच्याकडे सगळेच दोरीसाठी केळीचं सोपट, म्हणजे खोडाची सुकी सालं, मागच्या भिंतीला टेकवून ठेवतात. ते उचललं, तर खाली भिंत गच्च ओली अन् किड्यांचा नुसता बुजबुजाट.

ऊन पडलं तसं सोपट अंगणात ओढलं, किडे झाडून बागेत फेकले, भिंतीच्या कडेला राख टाकली, खिडकी उघडी ठेवली. कंबर मोडली, पण भिंत सुकली अन् किडे गेले.

पोरगा पुन्हा म्हणे, "तरी ओसरीत हवा चांगली लागते, माय."

"मग तुझ्या गोण्या झोपव तिथं," मी म्हटलं. खाट काही मी जागची हलवली नाही.