अणूच्या घरी पोरगी

गुरुजी आणि मी, आमची जोडी दहा वर्षं गाजली. शिकवायचे ते, हसवायचो मी. ते गोंदियातल्या एका शाळेत भौतिकशास्त्राचे मास्तर. उंच, सडपातळ, आवाज असा की माइक नसला तरी चालावं. माझं शेजारच्या कुडव्याला मंडप-डेकोरेशनचं दुकान, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम लागला की मी विनोदी पात्र. माझ्या एंट्रीलाच लोक हसायचे, संवाद नंतर.

एकोणीसशे नव्याण्णवच्या सूर्यग्रहणाच्या वेळी त्यांना विहारात व्याख्यान द्यायचं होतं आणि त्यासाठी माझा माइक हवा होता. माइक घेऊन मी गेलो. गुरुजी चंद्राची सावली समजावून सांगत होते, लोक जांभया देत होते. मला काही राहवलं नाही. डोक्यावर दुपट्टा घेतला, पोटाशी उशी धरली आणि बाईचा आवाज काढून उभा राहिलो, "गुरुजी, गरन लागलं तवा म्या वांगे चिरले, आता कसं होईन जी?" विहार हसून लोळायचा बाकी राहिला. गुरुजी रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "डेकोरेशनवाले, पुढच्या वेळीही या. उशी घेऊन या."

पुढे आमच्या व्याख्यानांना जत्रेसारखी गर्दी व्हायला लागली, आणि सगळ्यांत जास्त मागणी एकाच विषयाला: अणुवीज आणि कॅन्सर. आमच्या भागात अणुवीज केंद्र नाही. पण सालेकशाकडची पोरं ठेकेदारामागे लांब लांब कामाला जायची, आणि त्यात कधी अणुवीज केंद्राचं बांधकामही असायचं. पोरगा परत आला की गावात कुजबुज सुरू. याच्या अंगात किरणं शिरलीत. याच्या ताटात जेवू नका. एकाचं तर ठरलेलं लग्न मोडलं होतं. कॅन्सरच्या भीतीने त्याच्यापासून लांब सरकणाऱ्या त्या मंडळींच्या गालात तंबाखूचा खर्रा असायचा, पण ते जाऊ द्या.

तिथे गुरुजी काय सांगायचे ते मला आजही पाठ आहे. किरणं जमिनीतून येतात, आकाशातून येतात, आपल्या स्वतःच्या हाडांतून येतात, एवढंच काय, केळ्यातूनसुद्धा येतात. इथे मी खात असलेलं केळं किंचाळून फेकायचो. मग ते सांगायचे, फार मोठा डोस मिळाला तर कॅन्सर होतो, अणुबॉम्बने ते दाखवलं आहे. पण नीट चालणाऱ्या केंद्राच्या कुंपणाबाहेर जे पोचतं, ते आपल्याला मातीतून रोज मिळतं त्यापेक्षा कितीतरी कमी. केरळच्या एका किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत किरणं इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथे राहतात, आणि तपासणाऱ्यांना तिथे कॅन्सर जास्त आढळलेला नाही. "पुरावा बघा," ते म्हणायचे, "भीती तर भुताचीही वाटते."

शेवट मात्र त्यांचा नव्हता आणि माझाही नव्हता. तो सालेकशाजवळच्या एका आजीने दिला. व्याख्यान संपलं, लोक उठायला लागले, तेवढ्यात ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सारं समजलं गुरुजी. पन तुमी आपली पोरगी देसान का तेथं?"

गुरुजी छातीवर हात ठेवून म्हणाले, "बेशक देईन."

टाळ्या काय टाळ्या! मी जातीचा नाटक्या, ही जागा सोडतो होय? तेव्हापासून आमच्या प्रयोगाचा शेवट तोच. मी आजीच्या आवाजात शेवटची शंका विचारायची, गुरुजींनी छातीवर हात ठेवून "बेशक देईन" म्हणायचं, पडदा. त्यांना एकच मुलगी, तेव्हा फ्रॉकमध्ये होती. मला मुलगी नाही, एक मुलगा. मुलीची हौस मी ताईच्या पोरीवर भागवली.

ताईचं घर नवेगाव बांध या गावी. नवरा लवकर गेला, तिने थोड्या धानावर आणि अंगणवाडीतल्या नोकरीवर पोरीला डी.एड. केलं. पोरगी तिखट, हसरी, माझ्या सगळ्या नकला माझ्याहून बऱ्या करणारी. तिच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा गुरुजी स्वतःच स्कूटरवर दुकानात आले.

"डेकोरेशनवाले, भाचीसाठी स्थळ आणलंय. आपल्यातलंच घर. मुलगा डिप्लोमा झालेला, सरकारी नोकरी, क्वार्टर, दवाखाना फुकट."

"कुठं आहे नोकरी?"

"अणुवीज केंद्रात." आणि मिस्कील हसले. "आता विचारा तुमची शेवटची शंका."

मी इतका हसलो की दुकानातल्या पोरांना वाटलं लॉटरी लागली.

ताई मात्र हसली नाही. "काऊन गा भाऊ, माही एकुलती एक पोरगी, तिले कॅन्सरच्या घरात टाकून राहिला का?" मग गुरुजी नवेगावला आले, ताईच्या ओसरीवर बसून पूर्ण व्याख्यान दिलं, एकट्या ताईसाठी. मी केळंही फेकलं. शेवटी ताईनेच, डोळ्यांत पाणी आणून, आजीचा प्रश्न विचारला. तिला तो आमच्या खेळातला आहे हे ठाऊक होतं, पण ती खेळ म्हणून विचारत नव्हती. गुरुजींनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बेशक देईन, ताई." त्या उत्तरावर ताईने होकार दिला.

भाचीचं वेगळंच. ती म्हणाली, "मामा, मले पोरगा पसंत आहे. दोनदा पोहे मागून खाल्ले त्यानं, लाजला नाही. तुमचा अणू तुमच्याजवळ ठेवा."

लग्न नवेगावलाच, दिवसा. मंडप माझा, माइक माझा, भाची माझी. त्या दिवशी माझ्याइतका ऐटीत माणूस जिल्ह्यात नसेल. वरात वेळेवर आली, पण लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांची गाडी वाटेत बंद पडली. दोन्हीकडची माणसं मंडपात नुसतीच बसलेली. मी वऱ्हाडाला सरबत देत फिरत होतो. नवऱ्या मुलाचे मोठे काका रेल्वेतून रिटायर झालेले, गोंदियाचे, बोलणं अर्धं हिंदी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या गुरुजींकडे हनुवटी केली.

"ये मास्टरजी तो अपने पहचान के हैं. इनके घर पण आम्ही पोहे खाऊन आलोय."

"कधी?"

"अरे, आपको मालूम नहीं? पहले रिश्ता तो इनकी लडकी का ही था! मुलगी-मुलगा दोघं राजी होते. लेकिन मास्टरजीने आमच्या पोराला बाजूला नेलं आणि विचारलं, प्लांट में कितने अंदर तक जाते हो? ऑफिस में बदली नहीं हो सकती क्या?" काका पोट धरून हसले. "साइन्स का मास्टर! मग म्हणाले, लडकी को और पढना है. चलो, अच्छा ही हुआ, उन्होंनेच आपका घर सुझाया."

माझ्या हातात सरबताचा ट्रे होता. तो मी कुठे ठेवला, आठवत नाही.

तेवढ्यात मागून पोरांनी ओरडायला सुरुवात केली. "मामा, होऊन जाऊ द्या! गुरुजी, होऊन जाऊ द्या!" नवेगावकरांनी आमचा खेळ अनेकदा पाहिला होता. बौद्धाचार्य येईपर्यंत करमणूक हवी होती. कोणीतरी माझ्या डोक्यावर दुपट्टा टाकलासुद्धा. गुरुजी हसत उठले, माइकजवळ आले. मी पाहत होतो ते नेहमीचे गुरुजी, नेहमीचा पांढरा शर्ट, आणि मला ते ओळखू येत नव्हते.

खेळ झाला. नाटक्याचं अंग असं असतं की मन मेलं तरी हात केळं फेकतात. लोक हसले. केरळची वाळू झाली, पुरावा बघा झालं. मी ठरवलं होतं, शेवटची शंका विचारायची नाही. दुपट्टा काढायला लागलो. पण पब्लिकला खेळ पाठ होता.

"पोरगी! पोरगी राहिली! विचारा ना गा मामा!"

ताई पहिल्या रांगेच्या टोकाला बसली होती, नव्या साडीत. दाराशी पांढऱ्या साडीतली भाची मैत्रिणींमधून मान उंच करून बघत होती, तिच्या आवडीची जागा आली होती. माझ्या हातात माइक होता. मी एक वाक्य बोललो असतो तर गुरुजी संपले असते. पण त्याच वाक्याने सगळ्यांना कळलं असतं, की या नवऱ्याला आधी एका शिकलेल्या बापाने भीतीपोटी नाकारलंय. ताईने लग्न तिथेच थांबवलं असतं. वऱ्हाडाने अपमान मानला असता. आणि भाची दाराशी तशीच उभी राहिली असती.

मी आजीचा आवाज काढला. तो नीट निघाला नाही, माझाच निघाला. "सारं समजलं गुरुजी. पन तुमी आपली पोरगी देसान का तेथं?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे, जिथे रेल्वेवाले काका बसले होते. मला कळलंय, हे गुरुजींना कळलं. छातीवर हात गेला नाही. "बेशक," ते म्हणाले. "देईन" त्यांनी खाली बघत म्हटलं.

मंडप टाळ्यांनी भरून गेला. सगळ्यांत जोरात काका वाजवत होते. त्यांना वाटलं, काय कमालीचा विनोद केला मास्टरजींनी.

दुसऱ्या दिवशी मंडप सोडून गोंदियाला परतलो आणि थेट गुरुजींच्या घरी गेलो. ते अंगणात होते. मी चप्पलही काढली नाही.

"काऊन गुरुजी?"

"तिची आई नको म्हणाली," ते म्हणाले. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "नाही. आईचं नाव कशाला घेऊ. मीच नको म्हणालो."

"म्हणजे दहा वर्षं खोटं बोललो आपण?"

"खोटं एकही अक्षर नव्हतं." आवाज व्याख्यानाचा झाला, मग उतरला. "एक गोष्ट सांगितली नाही एवढंच. एका देशात तपासणी झाली. केंद्रांच्या अगदी जवळ राहणाऱ्या लहान मुलांत रक्ताचा कॅन्सर थोडा जास्त आढळला. कारण सापडलं नाही. किरणं इतकी कमी, की त्यांनी तो होऊ नये. दुसऱ्या देशांनी शोधलं, त्यांना तसं आढळलं नाही. अशी शंका लोकांना सांगितली असती तर उरलेलं सगळं त्यांनी फेकून दिलं असतं."

"लोकांना नाही. मला काऊन नाही सांगितलं?"

"स्थळ खरंच चांगलं होतं, डेकोरेशनवाले. धोका खरंच फार छोटा आहे."

"मग?"

"माझी मुलगी डोळ्यांसमोर आली की छोटा वाटेना."

"आन माही भाची आली तवा वाटला."

आतून त्यांच्या मुलीने विचारलं, "बाबा, चहा ठेवू?" मी निघून आलो. त्यानंतर आमचा एकही प्रयोग झाला नाही. दोघांत भांडण काय झालं, लोक विचारत राहिले. मी दर वेळी नवीन थाप मारायचो. एकदा सांगितलं, केळ्याच्या खर्चावरून बिनसलं.

दोन वर्षांनी भाची पहिल्या बाळंतपणाला नवेगावला आली. मुलगी झाली. त्याच दिवसांत जपानात समुद्र खवळला आणि तिथलं अणुवीज केंद्र फुटलं. ताईच्या घरी टीव्ही दिवसभर चालू, हिंदी बातम्यांतला माणूस किंचाळून किंचाळून सांगतोय. ताईने मला बोलावून घेतलं. बाळाला मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"या मायलेकीले मी परत जाऊ देनार नाही. तुमच्या गुरुजीनं सांगतलं होतं, काहीच होत नाही."

त्या दिवशी मला गुरुजी हवे होते. मनापासून हवे होते. दोन वर्षांत मी वाचनालयात बसून जमेल तेवढं वाचलं होतं, त्यांच्यावर डूख धरूनच वाचलं होतं. पण त्यांच्यासारखं सांगता कोणाला येतं? भाची माझ्यासमोर बसली. "मामा, नक्कल नको करू. सांग."

मी सांगितलं. केंद्रात काम करणाऱ्यांना जितका डोस जास्त, तितका कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून तुझा नवरा छातीवर किरणं मोजणारा बिल्ला लावतो. त्याच्या बिल्ल्यावर किती आलं ते त्याला विचारत जा. तुमच्या वसाहतीत येतं ते मातीतून येतं त्याहून कमी. जपानसारखा अपघात ही वेगळी गोष्ट, तो होणार नाही अशी शपथ कोणी घेऊ शकत नाही. आणि लहान मुलांबद्दलची ती तपासणीही सांगितली. कारण सापडलं नाही तेही, आणि दुसरीकडे तसं आढळलं नाही तेही. केळं नव्हतं, दुपट्टा नव्हता. माझं बोलणं मलाच रटाळ वाटत होतं.

ताई म्हणाली, "हे तेवा काऊन नाही सांगतलं?"

"तेवा मले ठाऊक नव्हतं, ताई."

"गुरुजीले?"

मी टीव्ही बंद केला. ताईला काय समजायचं ते समजलं. तिने तोंडावर पदर धरला.

भाची बराच वेळ बाळाच्या मुठीशी खेळत होती. मग तिने कमरेवर हात ठेवला, अगदी त्या आजीसारखा, पण आवाज तिचाच होता. "मामा, एक राहिलीच. तुझी पोरगी असती तर तू दिली असती का तेथं?"

मी तिच्याकडे पाहिलं. "दिली ना व."

तिने ताईच्या मांडीवरून बाळ उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि आतल्या खोलीत जाऊन परतीची बॅग भरायला घेतली.